आठ सेकंदांची सबीना

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक रेकॉर्ड प्लेयर आहे. त्याच्या लांब दांड्याच्या टोकाला नखाएवढी एक डबी बसवायची आहे, आणि त्या डबीच्या पोटात सुई आहे. डबीला कार्ट्रिज म्हणतात. दोन बारके स्क्रू, केसासारख्या चार तारा. स्क्रू थोडे सैल ठेवायचे, म्हणजे डबी सरकेल पण पडणार नाही. मग रेकॉर्डच्या जागी रेघा मारलेला कागद ठेवायचा, सुईचं टोक त्यावरच्या एका ठिपक्यावर अलगद टेकवायचं आणि डबी रेघांना समांतर आहे का ते बघायचं. नसेल तर सुई उचलायची, डबी केसभर फिरवायची, पुन्हा टेकवायची. फिरवली की ठिपका चुकतो. ठिपका साधला की समांतर जातं. श्वास रोखून धरायचा, कारण श्वासानेही दांडा हलतो. असं तासभर करा. आता समजा, तुमचं वय त्र्याहत्तर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं चाललंय ती यापुढे एकदाच वाजणार आहे. फार तर दोनदा.

आमच्या जिन्यावर चौथ्या मजल्यावर राहणारे लुदोमिरकाका व्नुक गेल्या नोव्हेंबरात हेच करत बसले होते.

वाजवायची होती ती रेकॉर्डसुद्धा नव्हती. पोस्टकार्ड होतं. त्या काळी आमच्याकडे समुद्रावर, बाजारात, स्टेशनाबाहेर अशी गाणारी पोस्टकार्डं मिळायची. चित्रावर पातळ प्लास्टिकचा थर, थरात गाण्याच्या खाचा, मध्ये भोक. थोडे जास्त पैसे दिले की टपरीवाला मायक्रोफोन पुढे करायचा. मग गाण्याआधी तुमचा स्वतःचा निरोप कोरला जायचा. पोस्टमन ते घरी आणून द्यायचा आणि घरातले ते प्लेयरवर लावायचे. लुदोमिरकाकांच्या कार्डावर वाळूतल्या वेताच्या खुर्च्यांचं रंग उडालेलं चित्र होतं. मागे समुद्रकाठच्या गावाचा शिक्का होता: कोवोब्झेग, जुलै १९७१. आणि पहिल्या आठ सेकंदांत त्यांच्या बहिणीचा, सबीनाचा आवाज होता.

तिचा दुसरा आवाज जगात कुठेही नव्हता.

आई गेली तेव्हा लुदोमिरकाका, म्हणजे तेव्हाचा लुडेक, अकरा वर्षांचा होता आणि सबीना चौदाची. वडील आमच्याच पाब्यानित्सेच्या कापड गिरणीत मुकादम. पहाटे जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे. म्हणजे लुडेकला वाढवलं ते सबीनाने. त्याच्या बुटांच्या नाड्या, त्याची वह्या-पुस्तकं, त्याचं पडसं-खोकला, सगळं तिने बघितलं. पुढे तीही गिरणीच्या कचेरीत लागली, लुडेक यंत्रशाळेत गेला. बाविसाव्या वर्षी तिला गिरणीकडून दोघांसाठी समुद्रावरच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीचा पास मिळाला. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. लुडेकनेही नाही.

पण त्याच आठवड्यात लुडेकचा रेकॉर्ड प्लेयर आला. वर्षभर पैसे साठवून, दुकानात नाव नोंदवून, सात महिने वाट बघून मिळालेला. एकोणीस वर्षांचं पोर. तो खोक्यातून काढला आणि त्याच्यापासून हलेना.

"चल ना रे," सबीना म्हणाली. "एकटी काय करू तिथे? शिंपले मोजू?"

"समुद्र कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी पास दुसऱ्याला मिळेल."

"मग मैत्रिणीला ने कुणाला तरी."

तिने बॅग उचलली. दारात थांबली. "बस मग तुझ्या त्या डब्यापाशी," म्हणाली, आणि दार आपटून गेली. दुसरा पास वायाच गेला.

सातव्या दिवशी ते पोस्टकार्ड आलं, चौथ्या दिवशी टाकलेलं. सुट्टीच्या बाराव्या दिवशी सुट्टीवरच्या मंडळींना एका दिवसाच्या सागरसफरीला नेलं. जहाज एका परक्या बंदरात तीन तास थांबलं. निघताना मोजणीत एक बाई कमी भरली.

देश सोडून जाणं तेव्हा गुन्हा होता. वडिलांची मुकादमी गेली. घरी दोन माणसं चौकशीला आली, पुन्हा आली, तिसऱ्यांदा आली. वडिलांनी भिंतीवरचा तिचा फोटो काढला आणि खिळा तसाच ठेवला. तिचं नाव काढायचं नाही, हा घराचा नियम झाला. स्वीडनचे शिक्के असलेली तीन पत्रं आली. वडिलांनी ती न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिली. तिसरं परत दिलं तेव्हा लुडेक जिन्यात उभा होता. हात पुढे करायला त्याला एक पायरी उतरावी लागली असती.

ती एक पायरी लुदोमिरकाका अजून सांगतात.

वडील अठ्ठ्याऐंशी साली गेले. पुढे सरहद्दी उघडल्या, तेव्हा काकांनी पत्र लिहिलं, वडिलांच्या कपाटातल्या एका चिठोऱ्यावर सापडलेल्या पत्त्यावर. ते 'या पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आलं. दुसरं त्यांनी लिहिलं नाही. ती रागावलेली आहे, बोलायचं असतं तर तीच बोलली असती, असं त्यांनी धरलं. तीही कदाचित तिकडे असंच काही धरून बसली असेल. २००३ साली माल्मोच्या एका चर्चच्या कचेरीतून पत्र आलं: सबीना व्नुक यांचं निधन झालं आहे, दफन उरकलं आहे, मागे कोणी नाही, कागदपत्रांत भाऊ म्हणून आपलं नाव मिळालं.

मागे कोणी नाही. म्हणजे ती एकटी होती. म्हणजे कोवोब्झेगच्या वाळूत जशी एकटी बसली असेल, तशीच बत्तीस वर्षं. आणि ती एकटी का होती, तर एका पोराला आपला नवा डबा सोडवत नव्हता म्हणून. एकट्या बाईला एकटेपणाचा कंटाळा आला आणि ती परतीच्या जहाजावर चढली नाही, असा हा हिशोब काकांनी एकदा मांडला आणि पुन्हा कधी तपासला नाही. खरं तर तपासणं हाच त्यांचा धंदा. गिरणीच्या मापखोलीत ते पंचवीस वर्षं मापं तपासत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर गावातल्या दुकानांचे तराजू. खाटकाच्या दुकानात ते शिरले की खाटीक ताठ उभा राहायचा.

त्या आठ सेकंदांतले शब्द त्यांना पाठ होते. "लुडेक, समुद्राकडून नमस्कार! पाणी गार आहे, आइस्क्रीम महाग आहे. हे गाणं तुझ्यासाठी आणि तुझ्या डब्यासाठी." शब्दांचा प्रश्न नव्हता. प्रश्न स्वराचा होता. 'तुझ्या डब्यासाठी' हे तिने कसं म्हटलं होतं? टोमणा मारून, की माफ करून? त्यांना तेवढंच हवं होतं. राग गेला होता, की तो घेऊनच ती जहाजावर चढली?

आणि स्वर त्यांनी स्वतःच मारला होता.

पोस्टकार्ड टपालात वाकतं. वाकलेल्या कार्डावरून सुई उड्या मारते. त्यावर आमच्या गावात घरोघरी एकच उपाय होता. दांड्याच्या डोक्यावर पाच झ्लोतीचं नाणं ठेवायचं, ज्यावर जाळं ओढणारा कोळी असायचा ते अॅल्युमिनियमचं नाणं. साडेतीन ग्रॅम. सुई मग उडत नाही, नांगरासारखी चालते. लुडेकनेही तेच केलं; तरी 'महाग आहे'नंतरच्या वाकलेल्या जागी पहिल्या दिवसापासून नुसती खरखरच यायची. निरोप ऐकायचा, सुई उचलायची, पुन्हा सुरुवातीला ठेवायची. गाणं त्याला नकोच होतं. ती गेल्यावर तर वडील कामावर असताना रोज. वर्षभरात निरोपाच्या खाचा घासून अशा झाल्या की खरखरीतून फक्त शब्दांचे सांगाडे ऐकू यायचे. मग त्याने कार्ड शब्दकोशात ठेवलं आणि त्याला हात लावला नाही.

दर वर्षी एक नोव्हेंबरला आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत दिवे लावायला जातं. ज्यांची माणसं दूर पुरली आहेत, ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी काचेचा दिवा ठेवतात. लुदोमिरकाका आईवडिलांच्या थडग्यावर दोन ठेवतात आणि क्रुसापाशी एक. गेल्या वर्षी तिथे वाकताना त्यांना कळलं, की दिवा जिच्यासाठी ठेवतोय तिचा आवाज आपल्याला आठवत नाही. खरखर आठवते, आवाज नाही. घरी येऊन त्यांनी शब्दकोश उघडला.

त्यांनी विचार केला तो असा. रेकॉर्डची खाच उलट्या छपरासारखी असते, दोन उतरत्या भिंती. जुन्या कार्डावर दोन्ही भिंतींत एकच आवाज असतो. पण फिरत्या तबकडीवर सुईला सतत आतल्या बाजूला ओढ असते. म्हणजे नाण्याने जे काही घासलं असेल ते आतल्या भिंतीला जास्त, बाहेरच्या भिंतीला कमी. आजच्या सुया दोन्ही भिंती वेगवेगळ्या ऐकतात. आतल्या भिंतीची तार काढून टाकली आणि फक्त बाहेरची ऐकली, तर? शिवाय नव्या सुईचं टोक जुन्यापेक्षा बारीक असतं. ते भिंतीवर अशा उंचीला टेकेल जिथे जुनी सुई पोचलीच नव्हती.

पण तिथे ते टेकण्यासाठी सगळं मापात हवं.

त्यात आणखी एक गोम आहे. दांडा एका खुंटीभोवती फिरतो, म्हणून सुई रेकॉर्डवर कमानीत सरकते. खाच कोरणारं यंत्र मात्र सरळ रेषेत चालतं. त्यामुळे अख्ख्या रेकॉर्डवर सुई जशी असायला हवी तशी फक्त दोनच जागी असते. बाकी सगळीकडे थोडी तिरकी. "दोन जागी खरं," काका म्हणतात, "उरलेलं चालवून घ्यायचं." सगळं जग या दोन जागा ठरलेल्या मापावर ठेवतं. काकांनी त्यातली एक हलवली. निरोप आठ सेकंदांचा, कार्ड मिनिटाला पंचेचाळीस फेरे फिरतं, म्हणजे निरोप बरोबर सहा फेऱ्यांत बसतो. सहा फेरे म्हणजे काठापाशी मिलिमीटरभर रुंदीची एक कड, मध्यापासून एकोणसत्तर मिलिमीटरवर. नेहमीचं माप तिथून तीनच मिलिमीटर आत पडतं. एवढा फरक कानाला कळणारही नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण मापखोलीतल्या माणसाच्या हाताला 'जवळपास' हा शब्द येत नाही. त्यांनी नवा कागद आखला आणि त्यावर एकच ठिपका ठेवला.

प्लेयर तोच होता, एकाहत्तरचा. पट्टा बदललेला, दांड्याचं डोकं स्वतः कानशीने घासून नव्याने बनवलेलं. सुईचं वजन मोजायला त्यांनी दाढीच्या पात्याच्या टेकूवर एक तराजू केला होता. कार्ड दोन आठवडे काचांमध्ये दाबून सपाट केलं आणि चार कोपऱ्यांना मेण लावून एका जुन्या रेकॉर्डवर चिकटवलं. नाणं लागणार नव्हतं.

रविवार निवडला, कारण रविवारी समोरच्या रस्त्यावर ट्रक नसतात. सकाळी आठला बसले. अकराला डबी रेघांना समांतर झाली, ठिपकाही साधला. त्यांनी स्क्रू आवळले, आवळताना डबी हलली, पुन्हा सुरुवात केली. साडेबाराला दोन्ही जमलं.

तेवढ्यात दारावर लाथ बसली.

समोरच्या दारातल्या तेओफिलाबाई थाप मारत नाहीत, कारण हातात भांडं असतं. गिरणीत तीस वर्षं माग चालवले. मागांच्या आवाजाने दोन्ही कान गेले, तेव्हापासून समोरच्याचे ओठ वाचतात आणि स्वतः मात्र अजून माग चालू असल्यासारख्या बोलतात. चाळीस वर्षं समोरासमोर राहूनही दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात.

"काय मिस्त्री, आहात की गेलात?"

काकांनी दार उघडलं. "आहे. ओरडू नका, सुई हलते."

"काय?"

काकांनी चेहरा उजेडात धरला आणि आवाज न करता फक्त ओठ हलवले: ओरडू नका.

"मग तसं सांगा ना!" त्या ओरडल्या. "सूप आणलंय. शेवया वेगळ्या ठेवल्यात. तुम्ही त्या यंत्राला कवटाळून बसणार आणि शेवयांचा लगदा होणार, मला माहितीय. सकाळी चर्चमध्ये दिसला नाहीत."

"माप चालू होतं."

"देवाला तेच सांगू? की बाबा, व्नुकसाहेबांचं माप चालू आहे, स्वर्ग जरा थांबव?"

"सांगा. त्यालाही माप कळत असेल."

भांडं ठेवून त्या टेबलाशी वाकल्या. कार्डाची गोष्ट त्यांना माहीत होती. जिन्यात कुणाची कुठली गोष्ट माहीत नसते? थोडा वेळ त्या डोळे बारीक करून सुईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिरकं आहे."

काका हसले. "काय तिरकं आहे?"

"ते. खालचं."

"बाई, साडेचार तास लावलेत. डबीची कड आणि रेघ बघा. मध्ये उजेडसुद्धा जाणार नाही."

"डबी सरळच आहे. मी कुठे डबी म्हणाले? डबीतून ती काडी निघालीय ना, टोकाला सुई असलेली, ती काडी तिरकी आहे."

"शक्य नाही. नवीकोरी आहे."

"नवंकोरं तिरकं नसतं का? माझा जावई बघा."

"बाई, मी बत्तीस वर्षं मापं तपासली आहेत."

"आणि मी तीस वर्षं ताणाबाणा बघितलाय. एक धागा तिरका गेला तर अख्खा तागा माझ्या पगारातून कापला जायचा. कान गेलेत माझे, डोळे नाही. तुमचे गेलेत!"

आमच्या जिन्यावर त्यांच्या डोळ्यांबद्दल कुणी त्यांच्यासमोर बोलत नाही. काकांनी सूप बाजूला सारलं. "झालं असेल तर मला काम आहे."

तेओफिलाबाईंनी ओठ वाचले, पण गेल्या नाहीत. झग्याच्या खिशातून पांढऱ्या धाग्याचं रीळ काढलं. ते त्यांच्या खिशात असतंच. "आरसा आहे का?"

आरसा होता. कागदाच्या जागी त्यांनी तो ठेवायला लावला. त्यावर, काकांच्या ठिपक्यातून जाणारी रेघ जिथे होती नेमक्या तिथे, दोन काडेपेट्यांच्या आधाराने धागा ताणून धरला. "आता वरून बघा. धागा आणि आरशातला धागा एकावर एक आले की समजायचं, डोळा बरोबर वर आहे. आम्ही ताण्याची जुळणी अशीच बघायचो. आता सुई ठेवा. भिंग घ्या."

काकांनी उजवा डोळा भिंगाला लावला. धागा आणि त्याचं बिंब एक झालं. त्याच्या कडेने डबी सरळ दिसली. आणि डबीच्या पोटातून निघालेली ती केसभर काडी धाग्याला सोडून डावीकडे जात होती. नीट दिसत होती. सकाळपासून तिथेच होती.

सकाळपासून त्यांनी डबी बघितली होती, कारण त्यांच्या डोळ्यांना डबीच दिसत होती. सुई या मापावर त्या सहा फेऱ्यांत उतरली असती, तर उरलीसुरली भिंत खरवडून निघाली असती.

ते मागे सरून बसले. भिंग खाली ठेवून म्हणाले, "किती आहे?"

"काय किती?"

"किती तिरकी, बाई?"

"अर्धा धागा. डावीकडे."

त्यांनी स्क्रू सैल केले. आता डबी रेघेशी वाकडी होणार होती. चांगली वाकडी, कुणालाही दिसेल अशी. मापखोलीतल्या माणसाला ते हाताने करवेना. तेओफिलाबाई म्हणाल्या, "डबीकडे बघू नका. डबीने काय गायचंय?"

"आता?"

"पाव धागा राहिला."

"आता?"

"गेलात पुढे. मागे या. आणखी. थांबा! हात काढा. श्वाससुद्धा घेऊ नका."

सूप केव्हाच गार झालं होतं. पावणेतीनला स्क्रू आवळून झाले. काकांनी आतल्या भिंतीची तार काढली. आधी सुई गाण्याच्या शेवटावर टेकवून पाहिली, जिथे काही बिघडलं तरी चाललं असतं. गाणं स्वच्छ वाजलं. त्यांनी कॅसेट रेकॉर्डर जोडला, लाल बटण दाबलं.

"तुम्हाला ऐकू येणार नाही," ते ओठांनी म्हणाले.

"माहितीय. मी बघायला थांबते." आणि त्यांनी स्पीकरच्या पडद्यावर बोटांची टोकं टेकवली. मागावर बसलेल्या बायकांना ही सवय असते. यंत्र बिघडलं तर कानाच्या आधी बोटांना कळतं.

काकांनी सुई काठावर सोडली.

आधी खरखर. पण आताची खरखर मागे होती, भिंतीपलीकडे पाऊस पडावा तशी. आणि तिच्या पुढे, अगदी जवळ, बावीस वर्षांची सबीना बोलली. "लुडेक, समुद्राकडून नमस्कार!" तिचा श्वास ऐकू आला. 'स' म्हणताना ती किंचित शीळ घालायची, पुढच्या दातांतल्या फटीमुळे. ती फट ते विसरून गेले होते. "पाणी गार आहे, आइस्क्रीम महाग आहे." मग पन्नास वर्षं नुसता खरखरीचा खड्डा होता ती जागा आली. तिथे आता कुणीतरी पुरुषाच्या खालच्या आवाजात काही म्हणालं आणि हसलं. सबीनाला हसू फुटलं. ते दाबत ती बाजूला वळून म्हणाली, "थांब रे!" आणि त्याच हसण्यात, ते तसंच पुढे ओढत: "हे गाणं तुझ्यासाठी आणि तुझ्या डब्यासाठी."

गाणं सुरू झालं. काकांनी सुई उचलली.

तेओफिलाबाईंची बोटं अजून पडद्यावर होती. "हा दुसरा कोण होता?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात.

काकांनी सुई भिंगाखाली धरली. सुईच्या टोकावर पांढरी भुकटी जमली होती. सहा फेऱ्यांच्या जागी प्लास्टिक फिकट झालं होतं. पुन्हा ते वाजणार नव्हतं.

"टपरीवाला असेल," ते म्हणाले.

"टपरीवाल्याला कुणी 'रे' म्हणतं?"

"तुम्हाला कसं कळलं ती 'रे' म्हणाली?"

"मला नाही कळलं. तुमचे ओठ हलले. तुम्ही तिच्या मागोमाग म्हणत होता सगळं." त्या बसल्या. "रागावली होती का?"

"नाही."

"मग झालं तर. एवढंच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो," काका म्हणाले. "एवढंच हवं होतं."

तेओफिलाबाईंनी सूप गरम केलं. काकांनी ते खाल्लं. शेवया खरंच चांगल्या राहिल्या होत्या. त्यांनी तसं म्हटलंही. पण बाई निघताना दारात वळल्या तेव्हा काका पुन्हा टेबलाशी बसलेले होते, आणि त्यांचा चेहरा, त्या म्हणतात, खूष झालेल्या माणसाचा नव्हता. घरी परत आल्यावर आपलं कुलूप बदललेलं दिसावं, तसा होता.

कॅसेट त्यांच्याजवळ आहे. हवी तितक्या वेळा वाजते, झिजत नाही. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून ते हसणं मी बरेचदा ऐकलं. ती रागावली नव्हती. चौथ्या दिवशीच ती हसत होती, कुणाच्या तरी शेजारी उभी राहून, आणि त्या हसण्यातूनच डब्याचा टोमणा भावाला माफ करून मोकळा झाला होता. म्हणजे ती गेली ते त्यांच्यामुळे नाही. एवढं ओझं उतरलं म्हटल्यावर माणूस हलका व्हायला हवा. "पण आता माझ्याकडे काय राहिलं?" काका मला एकदा जिन्यात म्हणाले. "इतकी वर्षं वाटायचं, तिच्या आयुष्यात मी निदान चूक तरी आहे. आता तेवढाही नाही."

डबी त्यांनी परत नेहमीच्या मापावर आणली नाही. त्यांचा प्लेयर अजून त्या सहा फेऱ्यांसाठीच जुळवलेला आहे. दुसऱ्या रेकॉर्डीही त्यावर वाजू शकतात. तीन मिलिमीटरचा फरक कानाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात, आणि तरी त्या लावत नाहीत.

डिसेंबर लागल्यावर एका दुपारी ते दफनभूमीकडे निघाले. दिव्यांचे दिवस कधीच सरले होते. मोठ्या क्रुसापाशी विझलेल्या काचा ओल्या पानांत पडल्या होत्या आणि माळी त्या ढकलगाडीत भरत होता. तेओफिलाबाई सोबत होत्या, कारण रस्त्यावर बर्फ होता आणि मिस्त्रींना खड्डे दिसत नाहीत असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं. काकांनी एक दिवा लावून ठेवला. काडी तीनदा विझली.

"आता काय मागताय तिच्याकडे?" बाईंनी विचारलं. "माफी तर झाली."

"मागत नाहीये. विचारतोय."

"काय?"

काकांनी वाऱ्याकडे पाठ केली आणि चेहरा उजेडात धरला, म्हणजे बाईंना ओठ दिसतील. त्यांच्या डोळ्यांसमोर ते माल्मोचं पत्र होतं. मागे कोणी नाही, हे दोन ओळींत टाइप केलेलं. आणि कानात ते दाबलेलं हसणं.

"सबीना," ते म्हणाले, "त्या दिवशी तू एकटी नव्हतीस ना, मग नंतर एकटी कशी झालीस गं?"